लौकिक बालशिक्षण आणि देवाचीं गाणीं

बालवाडींत व प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांत देवादिकांचीं गाणीं म्हणवावीं कीं न म्हणवावीं, हा वाद आपणांकडे अधूनमधून उपस्थित होतो, आणि प्रत्येक वेळीं तो जणूं कालच जन्मास आला अशा थाटानें लढविला जातो. एक पक्ष म्हणतो, हीं गाणीं आतां धर्माचीं राहिलींच नाहींत, तीं संस्कृतीचीं झालीं. दुसरा म्हणतो, लौकिक शाळेंत देवाचें नांवहि नको. दोघेहि गाण्यांतील शब्दांवर बोट ठेवून बोलतात. आमच्या मतें महाराष्ट्र व गोमंतक येथील शिक्षणाचा इतिहास पाहतां शब्दांच्या अर्थावरून हा प्रश्न कधींच सुटलेला नाहीं. गाणें कोण म्हणवितो आणि न म्हणणाऱ्या मुलाची काय वाट होते, यावरच त्या गाण्याचें स्वरूप ठरत आलें आहे.

प्रथम पंतोजीच्या शाळेकडे वळूं. इंग्रजी अमलापूर्वीं मूल पहिल्या दिवशीं धूळपाटीवर जें गिरवी तें अक्षर नव्हे, नमन असे. ‘श्रीगणेशाय नमः’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘ओनामासीधं’. यांतील दुसरा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ याचा अपभ्रंश होय, हें आतां सर्वमान्य आहे. हा सिद्ध कोण, याचा मात्र पंतोजीस पत्ता नसे, मग पोरांस कोठून असणार! जैनांच्या पंचनमस्कारांत अर्हंतांच्या खालोखाल सिद्धांस नमन आहे, आणि जैन परंपरा या वाक्यावर आपला हक्क सांगते. शर्ववर्म्याच्या कातंत्र व्याकरणाशींहि त्याचा संबंध जोडला जातो. कातंत्राची जन्मकथा आपल्या घरचीच आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजास जलक्रीडेंत राणीच्या ‘मोदकैः’ या शब्दांतील संधि उमगला नाहीं. पाणी उडवूं नका असें ती म्हणाली आणि राजानें मोदक मागविले. त्या लाजेपोटीं त्यानें सहा महिन्यांत संस्कृत शिकविणारें व्याकरण करविलें, असें कथासरित्सागरांत आहे. कथा ती कथाच. परंतु इ. स. च्या सातव्या शतकाच्या अखेरीस इत्सिंग हा चिनी प्रवासी लिहितो कीं, या देशांतील मुलें सहाव्या वर्षीं सिद्धिवाचक शब्दानें आरंभ होणारा वर्णपाठ घेतात व सहा महिन्यांत पुरा करितात. तेव्हां हा धागा किमान तेराशें वर्षांचा आहे.

याचा अर्थ असा कीं, पैठणास काय किंवा पुण्यास काय, वैदिक ब्राह्मणाचा मुलगा गणपतीस वंदन करून लागलीच सिद्धांस वंदन करी आणि त्याच्या बापास त्यांत कांहीं वावगें वाटत नसे. वाक्यांतला देव झिजून गेला होता. भाषेनें तर ही झीज पुरी केली. ‘ओनामा’ आणि ‘श्रीगणेशा’ हे दोन्ही शब्द मराठींत निव्वळ प्रारंभाचे वाचक झाले. दुकानाचा श्रीगणेशा होतो, भांडणाचाहि होतो.

संस्कृतिवाद्यांस हें उदाहरण आवडेल. परंतु त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पंतोजीच्या ओसरीवर मुलें कोणाचीं होतीं? ब्राह्मण, प्रभु, सोनार, वाणी आणि कांहीं थोड्या कुणबी-मराठ्यांचीं. अस्पृश्यांचें मूल तेथें नव्हतें आणि मुलीहि नव्हत्या. ज्यास तें नमन परकें वाटावें असें मूलच समोर नसल्यामुळें झीज सर्वांनाच सारखी भासली. नाणें गुळगुळीत झालें हें ज्याच्या हातांतून तें रोज फिरतें त्यासच कळतें. बाहेरून आलेला प्रथम त्यावरचा छाप पाहतो.

मुलींचें गाणें शाळेबाहेर होतें. आश्विनांत हस्त नक्षत्रीं मांडल्या जाणाऱ्या हादग्यांत अथवा भोंडल्यांत पाटावर हत्ती काढून त्याभोंवतीं फेर धरितात. आरंभीं गणेशाचें एक गाणें होतें, आणि तें संपलें कीं सासू, सासरा, माहेर, कारल्याचा वेल, रुसवेफुगवे यांचें राज्य सुरू होतें. शेवटीं खिरापत ओळखण्याचा खेळ. देव दारापाशीं उभा करून आंत सारा संसार मांडावा, अशी ही रचना आहे. यास धार्मिक म्हणावें कीं लौकिक? आमच्या मतें हा प्रश्न फेर धरणारीस पडत नाहीं, कारण फेरांत यावयाचें कीं नाहीं हें तिच्या हातीं असतें. हाच भोंडला शाळेच्या पटांगणांत, हजेरीच्या वेळीं, बाईंच्या आज्ञेनें होऊं लागला म्हणजे गाणीं तींच राहूनहि वस्तु बदलते.

आज्ञेनें गाणें म्हणविण्याचें फळ काय असतें हें गोमंतकांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच. इ. स. १५४२ त फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरला. तो हातीं घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुलें व गुलाम गोळा करी आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वें चालीवर घोळून घेई. मोठ्यांच्या डोक्यांत जें उपदेशानें शिरत नाहीं तें पोराच्या तोंडून घरांत शिरतें, हें त्या धोरणी पुरुषानें ओळखलें होतें. पुढें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालेलें फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण त्याच जाणिवेचें प्रौढ फळ होय. जुन्या पुराणांवाचून नवख्रिस्त्यांस चैन पडेना, म्हणून ओवी तीच ठेवून कथा बदलली. मराठी वाङ्मयाचा त्यांत मोठा लाभ झाला हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु गाण्याचें सामर्थ्य ज्यांस कळतें त्यांस त्याचें भयहि तितकेंच वाटतें. १७३६ सालच्या एप्रिलांत गोव्याच्या इन्क्विझिशननें जें फर्मान काढिलें, त्यांत लग्नकार्यांतील देशी गाण्यांवरहि बंदी आहे. शिकविणें आणि बंद करणें हीं दोन्ही एकाच हाताचीं कामें होतीं.

मुंबईस इंग्रजांनीं वेगळी वाट धरिली. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस आले व त्यांनीं शाळा घातल्या. त्यांची मुलींची शाळा १८२४ ची. तेथें बायबल व प्रार्थना हा शिक्षणाचा भागच होता आणि तें कोणापासून लपविलेलें नव्हतें. आईबाप मुलें पाठवीत, कारण लेखन-गणित फुकट मिळे. १८३९ त विल्सनसाहेबांच्या शाळेंतील पारशी तरुण ख्रिस्ती झाले तेव्हां मुंबईंत हलकल्लोळ उडाला व पुष्कळांनीं मुलें काढून घेतलीं. सरकारी शाळांविषयीं मात्र १८५४ च्या वुडच्या खलित्यानें स्पष्ट केलें कीं तेथील शिक्षण निव्वळ ऐहिक असावें. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें धर्मांत हात न घालण्याचें वचन दिलें.

आतां गंमत अशी कीं, ज्या १८५४ सालीं हा खलिता निघाला त्याच सालीं परशुरामपंत गोडबोले यांचें ‘नवनीत’ प्रसिद्ध झालें. ज्ञानेश्वर, तुकाराम, वामन, मोरोपंत यांचे वेंचे त्यांत आहेत, आणि सरकारी विद्याखात्याच्या आश्रयानें कित्येक पिढ्यांनीं तें पाठ केलें. पुढें तुकारामाच्या गाथेच्या संशोधित आवृत्तीस मुंबई सरकारनें २४,००० रुपये दिले. विद्याखात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रांट यांचें तीस पाठबळ होतें, आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं संपादिलेली ती गाथा १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यांतून बाहेर पडली. धर्माला पुढच्या दारानें मज्जाव करणाऱ्या सरकारनें विठोबास वाङ्मयाच्या दारानें मानानें आंत घेतलें! ही ढोंगबाजी होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्गांत अभंगाचा अन्वय लावणारा मुलगा व दिवेलागणीस तोच अभंग टाळावर म्हणणारा मुलगा हे एकच असले तरी त्या दोन क्रिया भिन्न आहेत. पहिलींत ‘हें कवीनें कां म्हटलें’ असें विचारतां येतें. दुसरींत विचारावयाचें नसतें. पहिली क्रिया मुसलमान वा ख्रिस्ती विद्यार्थीहि आपल्या मनास धक्का न लावतां करूं शकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें उदाहरण बोलकें आहे. १८९५ त ख्रिस्ती झालेल्या या कवीनें अभंगाच्या चालींवर ख्रिस्तभजनें रचिलीं. तीं मंदिरांत राहिलीं. त्यांच्या फुलांवरच्या व मुलांवरच्या कविता मात्र क्रमिक पुस्तकांतून साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या. एकाच लेखणीच्या दोन धारा आपापल्या पात्रांत वाहिल्या आणि कोणास विषाद वाटला नाहीं.

१८८२ च्या हंटर कमिशननें, नैसर्गिक धर्माच्या सर्वमान्य तत्त्वांवर एक नीतिपर पुस्तक कॉलेजांसाठीं करावें अशी शिफारस केली. कमिशनचे सभासद काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं त्यास आपला विरोध लेखी नोंदविला, व सरकारनेंहि ती सूचना स्वीकारली नाहीं. सर्वांस चालेल असा देव कमिट्यांतून घडवितां येत नाहीं.

परंतु शब्द ऐहिक ठेवले म्हणजे शाळा ऐहिक झाली असें समजणेंहि भोळेपणाचें आहे. खेडोपाडीं शाळेस इमारत नसे. ती देवळांत, धर्मशाळेंत किंवा चावडींत भरे. पुस्तक सरकारी, मास्तर सरकारी, पण छप्पर देवाचें. त्या छपराखालीं महाराचें मूल येऊं शकत नसे. मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें १८५६ सालीं एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला, तेव्हां न्याय त्याच्या बाजूस आहे असें मानूनहि सरकारनें त्यास आंत घेतलें नाहीं. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाहि अस्पृश्यांस खुल्या कराव्या हा रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत संमत व्हावयास १९२३ साल उजाडलें. तेथें कोणी कोणतें गाणें म्हणत होते हा प्रश्न अगदींच गौण होता.

आजच्या शाळांत देवाचीं गाणीं इतकीं कां आढळतात, याचें एक कारण संगीताच्या इतिहासांत आहे व त्याकडे वाद घालणाऱ्यांचें लक्ष जात नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाणें हा सभ्य घरांत संशयाचा विषय होता. तें दरबाराशीं व कलावंतिणींशीं जोडलेलें असे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ही स्थिति पालटण्याचा पण केला. १९०१ सालीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, १९०८ त मुंबईस त्याची शाखा काढिली. मुलांसाठीं ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ अशीं पुस्तकें लिहिलीं आणि शृंगारिक चिजांच्या जागीं भक्तिपर पदें घातलीं. भजन हें गाण्याचें चारित्र्याचें प्रशस्तिपत्र ठरलें. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमांत गेले व आश्रम-भजनावलि सिद्ध झाली. पलुसकरांच्या या कामगिरीनें हजारों मुलामुलींच्या गळ्यांत सूर आला, हें ऋण लहान नव्हे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला कीं, ‘मुलांचें गाणें’ म्हणजे ‘देवाचें गाणें’ हें समीकरण सुशिक्षितांच्या मनांत पक्कें बसलें. जी निवड लोकलज्जेपोटीं झाली होती तीच परंपरा म्हणून मिरवूं लागली. ज्या ख्यालगायकीचा हा वारसा, ती मुसलमान उस्तादांच्या घराण्यांनीं जतन केलेली. कृष्णाच्या होऱ्या त्यांनीं पिढ्यानुपिढ्या गाइल्या, आणि त्यासाठीं त्यांस कोणी हात जोडावयास सांगितलें नाहीं.

शब्दाची झीज एकाच बाजूनें होते याचा दुसरा पुरावा आपल्या विदर्भांतच आहे. १९३८ च्या सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें ‘विद्यामंदिर’ योजना काढिली. मराठी मनुष्यास या नांवांत देव दिसत नाहीं. नाट्यमंदिर, बालमंदिर, वाचनमंदिर हे शब्द आपण सर्रास वापरतों. मुसलमानांस मात्र त्यांत देऊळ दिसलें आणि मुस्लिम लीगनें त्याविरुद्ध रान उठविलें. लीगचें राजकारण त्यांत होतें हें खरें; परंतु राजकारणास धरावयास खुंटी लागते, आणि ती आपणच ठोकून दिली होती. त्याच काळांत गांधींनीं वर्धा शिक्षणयोजनेंतून धर्मशिक्षण मुद्दाम वगळलें. सायंप्रार्थनेवांचून ज्यांचा दिवस मावळत नसे त्यांचा हा निर्णय असल्यानें त्याचें मोल अधिक.

शिशुवर्गाची गोष्ट आणखी नाजुक आहे. बालोद्यानाचा जनक फ्रीड्रिख फ्रेबेल हा भाविक मनुष्य होता. १८४४ सालच्या त्याच्या मातृगीतांच्या पुस्तकांत आई-मुलाच्या बोटांच्या खेळांतूनहि ईश्वराकडे बोट दाखविलेलें आहे. तरीहि १८५१ त प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानें नास्तिक्य शिकवितात असा ठपका ठेवून तीं बंद पाडिलीं! ती बंदी १८६० त उठली, तोंवर फ्रेबेल वारला होता. मारिया माँटेसरी निष्ठावंत कॅथलिक. पण धर्मशिक्षणासाठीं त्यांनीं वेगळी खोली कल्पिली. त्यांच्या सामान्य वर्गांत प्रार्थनेऐवजीं जो विधि आहे तो शांततेचा खेळ. सर्व मुलें निश्चल बसतात, कानोसा घेतात, आणि आपलें नांव हळूच पुकारलें जाण्याची वाट पाहतात. आमच्या मतें या खेळांत फार मोठें शहाणपण आहे, कारण त्यांत वेगळें मूल उघडें पडत नाहीं. महाराष्ट्रांत ही पद्धति रुजविणाऱ्या ताराबाई मोडक प्रार्थनासमाजी घराण्यांतील. वडील सदाशिवराव केळकर समाजाचे कार्यकर्ते. १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं नूतन बालशिक्षण संघ काढिला, १९४५ त बोर्डीस काम सुरू केलें व १९५७ त तें कोसबाडच्या वारली मुलांपर्यंत नेलें. अंगण हीच शाळा करावी ही त्यांची व अनुताई वाघांची दृष्टि. १९७५ च्या २ ऑक्टोबरास ३३ प्रकल्पांनीं आरंभलेली सरकारी बालविकास योजना अंगणवाडीच्या रूपानें पुढें गांवोगांव पोंचली.

या अंगणवाडींत तीन ते सहा वर्षांचीं सर्व जातिधर्मांचीं मुलें एका चटईवर बसतात. पंतोजीच्या ओसरीवर जें मूल नव्हतें तें आतां समोर आहे. घटनेच्या २८ व्या कलमान्वयें पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेंत विद्यार्थ्यास, व तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकास, संमतीवांचून धर्मशिक्षणांत किंवा उपासनेंत ओढतां येत नाहीं. या तरतुदीची वंशावळ इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यापर्यंत जाते. धर्माचा तास शाळेच्या आरंभीं किंवा अखेरीस ठेवावा, म्हणजे ज्यास नको त्यानें बाहेर राहावें, अशी तेथें युक्ति होती. आपल्या न्यायालयांनीं तोच धागा पुढें नेला. केरळांतील तीन भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, पण आपल्या श्रद्धेमुळें गात नसत. त्यांस शाळेंतून काढलें, तेव्हां १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घ्यावयास लाविलें. नाशिकच्या एका शिक्षकानें शाळेच्या प्रार्थनेस हात जोडण्याचें नाकारलें, त्याच्या बाजूनें मुंबई उच्च न्यायालयानें कौल दिला. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत-हिंदी प्रार्थनेचा वाद २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं मोठ्या पीठाकडे सोंपवावा असें ठरविलें.

हे सर्व निवाडे चांगले आहेत. परंतु ते सारे ‘नाहीं’ म्हणूं शकणाऱ्याविषयीं आहेत. बाहेर राहण्याचा हक्क चार वर्षांच्या मुलास काय कामाचा? त्यास बाहेर बसविलें तर ती शिक्षाच वाटणार. संमतीचें कागदी कलम मोठ्या मुलांसाठीं पुरेसें असेल. शिशूच्या बाबतींत तें निरुपयोगी ठरतें, आणि निवडीचा सगळा भार बाईंवर येतो. म्हणून आम्ही असें म्हणतों: कथेंत, खेळांत, सणाच्या ओळखींत देवाचें गाणें खुशाल यावें. आषाढांत विठोबाचें, डिसेंबरांत बाळयेशूचें, ईदेच्या चंद्राचें गाणें ऐकल्यानें कोणाचा धर्म बुडत नाहीं. परंतु हात जोडून, डोळे मिटून, रोज एकाच देवाला उद्देशून सर्वांनीं म्हणावयाचें गाणें हें गाणें नसून उपासना आहे, मग शब्द कितीहि झिजलेले असोत. अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींची प्रेमधर्माची प्रार्थना या कसोटीस बहुतांशीं उतरते. तिच्यांत कोणा एका पंथाचा देव नाहीं. तीहि सक्तीनें घोकून घेतली तर गुरुजींसच तें रुचलें नसतें.

जे म्हणतात कीं हें गाणें आतां धार्मिक उरलेंच नाहीं, त्यांस आमचा एकच प्रश्न आहे. तें वगळलें तर धर्म बुडाला अशी हांकाटी आपण कां करितां? दोन्ही बाजूंचा लाभ एका वेळीं घेतां येणार नाहीं.

या विषयाचें अस्सल साधन गांवोगांवच्या जुन्या शाळांच्या दप्तरांत आहे. शेरेबुकें, मास्तरांच्या दैनंदिन्या, प्रार्थनेच्या वह्या, स्नेहसंमेलनांचे छापील कार्यक्रम, यांतून कोणत्या सालीं कोणतें गाणें आलें व कोणतें गेलें हें वर्षवार मांडतां येईल. नव्या इमारती होतांना हीं दप्तरें रद्दींत जातात. १९५० पूर्वींचीं अशीं कागदपत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं मंडळाकडे पाहण्यास द्यावीं. नकला करून मूळ प्रति सुरक्षित परत केल्या जातील.